बसायचं काम

बिरूला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, "तुम्ही काही करायचं नाही, नुसतं बसायचं," तेव्हा त्याची साठी जवळ आली होती. तोवर बसणं हे त्याच्या लेखी काम नव्हतंच. मेंढरांमागं माणूस एक तर चालतो, नाही तर काठीवर रेलून, एक पाय दुसऱ्या गुडघ्याला लावून उभा राहतो. बसला की डोळा लागतो आणि डोळा लागला की लांडग्याचं फावतं, हे त्याच्या बापानं, धोंडिबानं, त्याला काठी हातात देतानाच सांगून ठेवलं होतं.

खुलताबादच्या डोंगरात त्यांची आठ-दहा घरांची वस्ती. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली उतरायचं, गंगापूर-वैजापूरकडं रानोमाळ हिंडायचं, कुणाच्या वावरात खतासाठी चार दिवस मेंढरं बसवायची आणि मृगाच्या आत परत वर यायचं. बिरूनं चाळीस वर्षं हेच केलं. बायको सखूबाई घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढं चालायची, मधे मेंढरं, मागं बिरू. दिवसभरात दोघांचं बोलणं व्हायचं ते लांबून हाळी देऊनच.

दोन हजार बारा साली पाऊस असा झालाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात खाली नदीकाठालाही हिरवं दिसेना. सरकारनं चाऱ्याची सोय केली ती गाई-बैलांची. मेंढरांचं कुणी नाव काढलं नाही. पाणी टँकरचं, तेही माणसांना पुरत नव्हतं. कोकरं आईच्या पोटाखाली तोंड घालायची आणि दूध नाही म्हणून तिथंच पाय दुमडून बसायची. ऐंशी मेंढरांची पन्नास झाली तेव्हा सखूबाईच म्हणाली, "आता देऊन टाका. एकेकाचं मरण कुठवर बघत बसायचं?"

शहराच्या छावणी भागात गुरुवारी जनावरांचा बाजार भरतो. तिथं बिरूनं सगळी मेंढरं एकाच माणसाला दिली. त्या माणसानं टेम्पो लावला. एक म्हातारी मेंढी काही केल्या वर चढेना. माणसं तिला ओढू लागली तसा बिरू पुढं झाला, तिला दोन्ही हातांनी उचललं आणि स्वतःच वर ठेवून आला. मग रिकाम्या हातानं चालत पोराच्या खोलीवर गेला.

पोरगा अंगद आधीच शहराला लागला होता. जेसीबी चालवायचा. वेरूळच्या रस्त्याला, मिटमिट्याच्या पुढं, माळ सपाट करून प्लॉट पाडायचं काम तेव्हा जोरात होतं. बिरू ज्या माळावरून दरसाल मेंढरं घेऊन जायचा, तोच माळ आता पोरगा खरवडत होता. बिरूला वाईट वाटलं. पण पोराच्या हाताला काम होतं. अंगदनं पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतली होती. तिथं आईबाप राहायला आले.

खोलीपासून हाकेच्या अंतरावर एक विद्यापीठ होतं. सरकारी, पण लहान. शहरातलं मोठं विद्यापीठ वेगळं. रिक्षावाले याला 'छोटी युनिव्हर्सिटी' म्हणायचे. मधे एक चौक, भोवती दगडी दुमजली इमारत, नऊ विभाग आणि सगळी मिळून पाचशे-साडेपाचशे पोरं. इथं कुणी डॉक्टर-इंजिनियर होत नसे. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, गाणं, नाटक, चित्रकला असे विषय, आणि एक नियम असा की प्रत्येकानं आपल्या विषयाशिवाय एक लांबचा विषय घ्यायचाच. गणितवाल्यानं चित्रं काढायची, गाणाऱ्यानं इतिहास वाचायचा. खेड्यातून पोरांना सोडायला आलेले बाप कार्यालयात हमखास विचारायचे, "साहेब, हे शिकून पुढं काय व्हतं?" आणि साहेब हातातला फॉर्म पुढं सरकवून म्हणायचे, "इथं सही करा."

विद्यापीठाच्या मागच्या उतारावर झाडं लावायचं काम निघालं होतं. सखूबाई आणि बिरू तिथं रोजावर लागले. टँकर आला की पाइप धरायचा, रोपागणिक बादलीभर पाणी द्यायचं, आळी करायची. दुपारी चौकातल्या लिंबाखाली दोघं भाकरी खायचे. एका वर्षातच सखूबाईला धाप लागू लागली. घाटीच्या सरकारी दवाखान्यात अकरा दिवस होती. बाराव्या दिवशी बिरू तिच्यासाठी चहा आणायला खाली गेला आणि वर आला तेव्हा नर्स चादर ओढत होती. चहाचं काय करावं हे त्याला कळेना. तो कप हातात धरून जिन्यात उभा राहिला, अंगद येईस्तोवर.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका दुपारी बिरू उतारावर काठीला रेलून, एक पाय उचलून उभा होता. टँकरची वाट बघत होता. चित्रकलेच्या सुरेखा मॅडम तिथून चालल्या होत्या. चाळिशीच्या, चष्मेवाल्या, झपाझप चालणाऱ्या बाई. त्या थांबल्या.

"बाबा, तुम्ही आमच्या वर्गात येऊन बसाल का? पोरांना चित्र काढायचंय."

"कशाचं?"

"तुमचंच."

"म्या काय करायचं मग?"

तेव्हा मॅडम ते म्हणाल्या. काही करायचं नाही, नुसतं बसायचं. रोज तेवढाच मिळेल, आणि उन्हात उभं राहायला नको.

पहिल्या दिवशी खोलीच्या मधोमध एका लाकडी चौथऱ्यावर त्याला स्टुलावर बसवलं. भोवती वीसेक पोरं-पोरी, समोर कागद, हातात कोळशाच्या कांड्या. मॅडम म्हणाल्या, "आता हलायचं नाही, बाबा." बिरू हलला नाही. जरा वेळानं त्यानं ओठ न हलवता विचारलं, "श्वास घेतला तर चालंल का?" पोरं हसली. मॅडमही हसल्या. त्या खोलीत लोक त्याच्याबरोबर हसले असा तो एकच दिवस त्याच्या ध्यानात राहिला.

कारण काम लागलं की कुणी बोलत नसे. पोरं त्याच्याकडं बघायची, पण ती नाक बघायची, कानाची पाळी बघायची, कपाळावरची सुरकुती बघायची. एक डोळा मिटून, पेन्सिल हवेत धरून त्याची मापं काढायची. कुणाची नजर त्याच्या नजरेला भिडली तर ती लगेच कागदाकडं वळायची. चाळीस मिनिटांनी मॅडम टाळी वाजवायच्या. तो उठून पाय झाडायचा, पोरं चहाला जायची, तो खिडकीशी उभा राहायचा. मग परत चाळीस मिनिटं.

बसून बसून त्याला ऐकायची सवय लागली. डावीकडून तंबोरा लागायचा आणि एकच ओळ दहा-दहा वेळा म्हटली जायची. उजवीकडं गणिताच्या फळ्यावर खडू टकटक करायचा, मधेच थांबायचा, मग कुणी तरी म्हणायचं, "हां, आलं!" वरच्या मजल्यावर तत्त्वज्ञानवाले. तिथं रोज भांडण असायचं, पण हमरीतुमरीवर कधी येत नसे. बिरूला पहिले काही महिने वाटायचं, वर बांधाचा वाद चालू आहे आणि मिटत नाही. नाटकाच्या खोलीतून एक पोरगी रडायची आणि रडणं मधेच तोडून विचारायची, "सर, इतकं पुरे?" असं ते सगळं विद्यापीठ त्याला कानांनी पाठ झालं. आत कुठल्या खोलीत काय आहे ते त्यानं कधी बघितलं नव्हतं.

मॅडमना फेटा हवा होता, घोंगडी हवी होती, काठी हवी होती. शहरात आल्यापासून बिरू शर्ट-पायजमा आणि टोपी घालायचा. त्यानं धोंडिबाची जुनी काळी घोंगडी ट्रंकेतून काढून आणली. ती मग विभागाच्या कपाटातच राहिली. सकाळी शिपाई कपाट उघडून द्यायचा, बिरू फेटा बांधायचा, घोंगडी खांद्यावर टाकून धनगर व्हायचा. संध्याकाळी घडी करून परत ठेवायचा. एप्रिलमधे पंखा बंद असायचा, कारण कागद उडायचे. घोंगडीखाली घामाच्या धारा लागायच्या. तरी तो हलला नाही. पोरं त्याला एका गोष्टीसाठी मानायची: "बाबा दगडासारखे बसतात."

दोन हजार सोळाला पुन्हा पाण्याची बोंब झाली. वसतिगृहाला टँकर पुरेना म्हणून मार्चमधेच पोरांना घरी पाठवलं आणि विद्यापीठ बंद केलं. अंगद तोवर एका मोठ्या ठेकेदाराकडं लागून यंत्राबरोबर गावोगाव हिंडत होता. महिन्यातून एखादा फोन यायचा. खोलीवर पत्रा तापायचा. बिरू सवयीनं सकाळी उठून विद्यापीठात जायचा. फाटकावरचा कडुबा त्याला आत सोडायचा. चित्रकलेच्या वर्गाला कुलूप. तो व्हरांड्यात पायरीवर बसायचा, हात गुडघ्यावर, पाठ ताठ. ना तंबोरा, ना खडू, ना वरचं भांडण. एक दिवस कडुबानं विचारलं, "बिरूभाऊ, कोनी काढून नाय राह्यलं तुमचं चित्र, तरी असं काहून बसता?" बिरूला तोवर ध्यानातच आलं नव्हतं की आपण न हलता बसलोय. तो उठला, झाडांकडं गेला. सखूबाईनं लावलेली निम्मी रोपं जळाली होती. उरलेल्यांना पाणी घालावं तर पाणी कुठलं?

वर्षं गेली. पोरं यायची, तीन वर्षांत जायची. त्याची चित्रं घेऊन जायची. त्याला कुणाचं नावही धड माहीत नसायचं. दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्यात गणिताची एक पोरगी लांबचा विषय म्हणून चित्रकलेत आली. सावळी, बारीक, शेवटच्या ओळीत बसणारी. इतरांचे चेहरे काढून झाले तरी ही हातांवरच अडलेली. एके दिवशी सगळ्यांसमोर तिनं विचारलं, "तात्या, चालताना काठी कोणत्या हातात धरता?"

त्या खोलीत त्याला आजवर सगळ्यांनी 'बाबा' म्हटलं होतं. तात्या म्हणणारी ही पहिली.

"डाव्या," बिरू म्हणाला.

"उजव्या हातात का नाही?"

"उजवा मोकळा लागतो, बाई. कोकरू चालायचं थांबलं तर उचलायला."

तिनं मान हलवली. तिला हे आधीच ठाऊक होतं, असं त्याला वाटलं. चहाच्या सुट्टीत ती खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, "माझा आजा पण डाव्यातच धरायचा. सिल्लोडकडचे आम्ही. इथं कुणाला बोलले नाही मी."

"काहून?"

"मग मलाच बसवतील ना स्टुलावर," ती म्हणाली आणि हसली. तिचं नाव प्रांजली.

तेव्हापासून ती दिसली की दोन शब्द व्हायचे. मेंढरं किती होती, घोडं कसलं होतं, आजी बरोबर असायची का. ती दुपारी कधी लिंबापासून जरा लांब वही घेऊन बसायची. बिरू डबा खायचा. गणितं सोडवत असेल म्हणून त्यानं तिच्याकडं लक्ष दिलं नाही.

पुढच्या जानेवारीत विद्यापीठानं चित्रांचं प्रदर्शन मांडलं. इतक्या वर्षांची निवडक चित्रं, शहरातले पाहुणे, उद्घाटन. सुरेखा मॅडम आठवणीनं त्याला म्हणाल्या, "बाबा, तुम्ही यायचंच. तुमच्याशिवाय कसलं प्रदर्शन?" बिरूनं अंगदला फोन केला. अंगद तेव्हा समृद्धी महामार्गाच्या कामावर होता. "येतो की," म्हणाला. बिरूनं दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि ठरल्या वेळेच्या तासभर आधीच फाटकापाशी जाऊन उभा राहिला. वेळ उलटून गेल्यावर अंगदचा फोन आला, "अप्पा, पुलाचं काम निघालं, सोडत नायेत." बिरू म्हणाला, "राहू दे, राहू दे," आणि एकटाच आत गेला.

दालन माणसांनी भरलं होतं. चारी भिंतींवर तो. कोळशात, रंगात, शाईत, समोरून, बाजूनं, म्हातारा, जास्त म्हातारा. फेटा, घोंगडी, काठी. कुणी डोळ्यांत दुष्काळ घातलेला, कुणी मागं मेंढरं काढलेली. ती मेंढरं बकऱ्यांसारखी दिसत होती. बिरू एका मोठ्या चित्रापुढं थांबला. हा माणूस बराच रागीट दिसत होता. आपण एवढे रागीट दिसतो का, असा विचार करत असताना मागून एक गृहस्थ आले, बरोबर त्यांची बायको.

"काय चेहरा आहे बघ," गृहस्थ म्हणाले. "असली माणसं आता बघायला तरी मिळतात का कुठं?" मग मोबाइल वर धरून बिरूला म्हणाले, "काका, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

बिरू बाजूला झाला. फोटो निघाला. बाई त्याला "थँक्यू हं" म्हणाल्या आणि दोघं पुढच्या चित्राकडं गेले. सुरेखा मॅडम लांब पाहुण्यांच्या घोळक्यात होत्या. त्यांनी हात हलवला, पण त्यांना येता आलं नाही.

दाराजवळच्या कोपऱ्यात एक लहानसं चित्र होतं. लोक त्याच्यापुढून न थांबता जात होते. लिंबाखाली एक म्हातारा, अंगात शर्ट, डोक्याला टोपी, मांडीवर स्टीलचा डबा, हातात भाकरीचा तुकडा. तो कडेला बसलेला आणि उरलेला अर्धा कागद कोराच. बिरू बराच वेळ बघत राहिला. प्रांजली शेजारी येऊन उभी राहिली.

"एवढी जागा मोकळी काहून सोडली?" त्यानं विचारलं.

"तुम्ही रोज कडेलाच बसता, तात्या. सगळी सावली सोडून. मी बघितलं तसं काढलं."

बिरूला हे माहीत नव्हतं. तो बाहेर आला, चौक ओलांडला आणि खोलीवर जाऊन तसाच शर्टासकट आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी तो सुरेखा मॅडमच्या खोलीत गेला. "मॅडम, उद्यापासून घोंगडी नको."

"का हो? टोचते का?"

"नाय. मेंढरं न्हाईत आता मपली. सात वरसं झाली. शर्टावरच बसंन मी."

मॅडमनी चष्मा काढला. त्या वाईट बाई नव्हत्या. "मला आधी सुचायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "बसा शर्टात. फक्त पहिल्या वर्षाला कापडाच्या घड्या काढायला असतात, त्यांना घोंगडी लागते. ती तेवढी राहू द्याल?"

त्यानं राहू दिली. मग असं झालं की पहिल्या वर्षाच्या तासाला मॅडम घोंगडी नुसत्या स्टुलावर पसरून ठेवू लागल्या, वर काठी टेकवून. पोरांना ते सोपं जायचं. ती हलायचा प्रश्नच नव्हता. बिरूचे आठवड्यातले चार दिवसांचे दोन दिवस झाले. शर्टातल्या बिरूला काढताना दुसऱ्या वर्षाची पोरं कुरकुरायची, "मॅम, यात कॅरेक्टर नाही दिसत." मॅडम म्हणायच्या, "मग नीट बघा." काही जण नीट बघायचे. मधे साथीमुळं सगळं बंद राहिलं, पुन्हा उघडलं. प्रांजली शिकून नाशिकला गेली. सुरुवातीला दिवाळीला फोन करायची.

दोन हजार बावीसच्या हिवाळ्यात एका बुधवारी बिरू तासाला निघाला होता. रस्त्यावर येतो तो समोर मेंढरं. दीड-दोनशे तरी असतील. पुढं बिऱ्हाड लादलेलं घोडं आणि त्याचा लगाम धरलेली एक म्हातारी. मागं तिचे दोन मुलगे. सगळी रस्त्याच्या कडेला गोंधळून थांबलेली. गाड्या हॉर्न वाजवत होत्या. म्हातारीनं बिरूलाच हाक मारली, "ओ पाव्हणं, घाटाकडं जायची वाट कुठं गेली? चार सालांमागं हितूनच व्हती."

"भिंती झाल्या, बाई," बिरू म्हणाला. "आतल्या अंगानं जावं लागंल."

"दावता का?"

त्यानं घड्याळ बघितलं नाही. पुढं झाला. अंगदनं पाडलेल्या प्लॉटांवर आता तीन-तीन मजली घरं होती. त्या गल्ल्यांमधून, पेव्हर ब्लॉकवरून, उभ्या मोटारींच्या मधून तो मेंढरं काढत निघाला. खुरांचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होत होता. बायका गच्चीवरून बघत होत्या. एका घराच्या कुंड्यांत मेंढरं घुसली तेव्हा बिरूच्या तोंडातून आपोआप जुनी शिट्टी निघाली, आणि ती परकी मेंढरं वळली. म्हातारी थबकली. "आपल्यातलेच का तुमी?"

"व्हय."

"मी मनकर्णा. पैठणकडचे आम्ही. तुमची मेंढरं कुठं हायेत?"

"नाय आता."

"मग काय करता?"

"विद्यापीठात असतो."

"शिकवता?"

"नाय," बिरू म्हणाला. "बसतो."

मनकर्णाबाई त्याच्याकडं बघत राहिली आणि मग खळखळून हसली. तोही हसला. घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत दुपार झाली. तिथून वाट मोकळी होती. मुलांनी रामराम केला, म्हातारी म्हणाली, "येता का वरपर्यंत? भाकरी खाऊन जा." बिरूनं वरती बघितलं. "पुढल्या खेपेला," म्हणाला. शेवटचं मेंढरू वळणाआड गेलं, धूळ खाली बसली, तरी तो बराच वेळ काठीशिवाय उभा होता.

दुसऱ्या दिवशी तो विद्यापीठात गेला तेव्हा सुरेखा मॅडम जरा रागावल्या होत्या. "बाबा, काल कुठं होतात? पोरं तासभर थांबली."

"मेंढरं घेऊन गेलतो," बिरू म्हणाला.

मॅडमना ती गंमत वाटली. त्या हसून म्हणाल्या, "बरं, चला, बसा आता." बिरू चौथऱ्यावर चढला, शर्टाची कॉलर नीट केली आणि हात गुडघ्यांवर ठेवले. पोरांनी कागद पुढं ओढले. शेजारच्या खोलीत तंबोरा लावत होते. एक तार अजून लागत नव्हती.